लंडन ते काबूल : एका जोडप्याचा प्रवास आणि आपण

(विहाराच्या वर्धापनदिनी दिलेले भाषण. स्मरणिकेसाठी वक्त्याने स्वतः लिहून दिले.)



समितीच्या बैठकीत आपल्या पोरांनी मला सांगितलं, "काका, दरवर्षी तुम्ही ग्रॅच्युइटी, प्रॉव्हिडंट फंड आणि कामाचे तास यांवरच बोलता. यंदा काहीतरी वेगळं बोला." मी म्हटलं, बरं. यंदा प्रवासावर बोलतो. मी सूतगिरणीतला माणूस. रिंगफ्रेमच्या दोन ओळींमध्ये माझं चालणं झालं, एका पाळीत मैलोन्‌मैल, पण त्याच जागी. म्हणून मला दूर गेलेल्या माणसांविषयी वाचायची आवड लागली. वाचनालयात बसून जे वाचलं, टिपून ठेवलं, त्यातली एक हकीकत आज सांगतो. हकीकत खरी आहे. माणसं खरी आहेत आणि जगाला ठाऊक आहेत.

ही एका नवरा-बायकोची गोष्ट आहे. नवऱ्याचं नाव टोनी व्हीलर, बायकोचं नाव मॉरीन. १९७२ साली ही दोघं लंडनहून एका जुन्या मोटारीत बसून निघाली आणि जमिनीच्या वाटेने आशिया खंड पार करायला लागली. त्या प्रवासाचं पुढे काय झालं ते सांगतोच. पण मी हा विषय घेतला तो साहेबलोकांचं कौतुक करण्यासाठी नाही. या गोष्टीत आपल्या कामाचं काय आहे आणि कुठे सावध राहायला हवं, ते दोन्ही सांगण्यासाठी घेतला आहे.

कोण होती ही दोघं?

मॉरीन ही उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्ट शहरातली. तिथे १९६९ पासून दोन पंथांमध्ये दंगली पेटल्या होत्या. एकाच धर्माचे दोन पंथ, पण गल्ल्या वेगळ्या, शाळा वेगळ्या, एकमेकांचं तोंड पाहायचं नाही. असलं काही आपल्याला समजावून सांगावं लागत नाही. १९७० साली ही विशीतली मुलगी एकटी लंडनला आली. तिथे रीजंट्स पार्क नावाची मोठी बाग आहे. त्या बागेतल्या बाकावर तिची आणि टोनीची ओळख झाली. पुढच्या वर्षी, १९७१ ला लग्न झालं.

टोनी इंजिनिअर होता. मोटारीच्या कारखान्यात काम केलेला आणि त्यानंतर व्यवस्थापनाचं शिक्षण घेतलेला. त्याचे वडील विमान कंपनीत होते, त्यामुळे त्याचं लहानपण काही वर्षं कराचीत गेलं होतं. शिक्षण संपलं तेव्हा फोर्डसारख्या नामांकित मोटार कंपनीने त्याला नोकरी देऊ केली. त्याने काय करावं? मला एक वर्ष द्या, म्हणाला. आधी फिरून येतो, मग कामावर हजर होतो.

आता आपल्या वस्तीत कुणी असं केलं असतं तर? आईने डोक्याला हात लावला असता आणि सासऱ्याने मुलगी माहेरी नेली असती. आपलं तरी काय चुकतं! ज्याच्या घरात एका पगारावर सात माणसं जेवतात त्याने नोकरीला "थांब" म्हणायचं कसं? हा फरक मनात ठेवा. मी त्याच्याकडे परत येणार आहे.

पासष्ट पौंडाची गाडी

त्यांनी गाडी घेतली ती ६५ पौंडाला. ऑस्टिन कंपनीची मिनी व्हॅन, तीही वापरून जुनी झालेली. ही मिनी म्हणजे इंग्लंडमधली गरिबाची मोटार. १९५९ साली ती निघाली, अलेक इसिगोनिस नावाच्या माणसाने तिची रचना केली. इंजिन ८४८ सीसीचं. आपली मारुती आठशे ७९६ सीसीची होती, म्हणजे ही जवळजवळ तेवढीच. आणि चाकं? रिम १० इंची. आपल्या बजाज चेतक स्कूटरचं चाक डोळ्यासमोर आणा, त्याचंही रिम १० इंचीच. तेवढ्या चाकांवर ही दोघं आशिया पार करायला निघाली.

यंत्राशी संबंध असलेल्यांना आणखी एक गोष्ट सांगतो. जागा वाचवण्यासाठी त्या गाडीचं इंजिन आडवं बसवलं होतं आणि गिअरबॉक्स इंजिनाच्या पोटाखालीच. दोन्हीला तेल एकच. म्हणजे तेलाकडे दुर्लक्ष केलं की इंजिनही गेलं आणि गिअरही गेला. शिवाय समोरच्या जाळीमागेच डिस्ट्रिब्यूटर, त्यामुळे जोराच्या पावसात त्यावर पाणी उडून गाडी बंद पडायची, अशी तिची ख्याती. आपल्या खात्यातला जॉबर सांगेल, मशीन जुनं असलं तरी चालेल, पण त्याच्या खोडी ठाऊक असलेला माणूस जवळ पाहिजे. टोनीने मोटारीच्या कारखान्यात काम केलेलं होतं, ते इथे उपयोगी पडलं असणार.

आता भगिनींनी जरा लक्ष द्यावं. इंग्लंडची गाडी आपल्यासारखीच, स्टिअरिंग उजव्या हाताला. पण इंग्लंड सोडून युरोपात गेलं की फ्रान्स, तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान, सगळीकडे वाहनं रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात. मग काय होतं? चालवणारा बसतो रस्त्याच्या कडेला, आणि शेजारचा बसतो रस्त्याच्या मध्याकडे. पुढे मालाचा ट्रक असला की त्याच्या पलीकडून काय येतंय ते चालवणाऱ्याला दिसतच नाही. ते दिसतं शेजारी बसलेल्याला. "थांब, बस येतेय," "आता चल, मोकळं आहे," असं त्याने सांगायचं आणि त्या शब्दावर दुसऱ्याने गाडी पुढे काढायची. कोण किती वेळ स्टिअरिंगवर होतं तो प्रश्नच नाही. जो चालवील त्याचा जीव शेजारच्याच्या शब्दावर.

आपल्याकडे बाईमाणूस प्रवासाला निघतं ते डबा, पाण्याची बाटली आणि पोरं सांभाळायला. रस्ता कुठला, गाडी किती वाजता, पैसे किती, हे तिला कुणी सांगत नाही आणि विचारतही नाही. संसाराची गाडी मात्र तिने बघितल्याशिवाय पुढे जात नाही, हे प्रत्येक घराला माहीत आहे. मग तिचा शब्द ऐकायला आपल्याला लाज का वाटते?

वाट कशी होती

युरोप त्यांनी ओलांडला आणि इस्तंबूलला आले. हे शहर दोन खंडांत वसलेलं आहे. मधे बॉस्फरसची सामुद्रधुनी. तिच्यावरचा पहिला पूल १९७३ च्या ऑक्टोबरात सुरू झाला. म्हणजे १९७२ साली गाडी बोटीत चढवूनच आशियात उतरावं लागे. इस्तंबूलमध्ये लाले नावाचं एक साधं खानावळवजा हॉटेल होतं. त्याला गोरे प्रवासी पुडिंग शॉप म्हणत. त्याच्या भिंतीवर एक फळा होता. कुणी चिठ्ठी लावायचा, "गाडीत एक जागा रिकामी आहे, काबूलपर्यंत." कुणी लावायचा, "पुढचा रस्ता खराब आहे." त्या काळी माहिती मिळायची ती अशी, भिंतीवरून आणि तोंडी.

तिथून तुर्कस्तान आडवं पार करायचं. पूर्वेला गेलं की डोंगर, थंडी, आणि शेवटी अरारत पर्वत, पाच हजार मीटरहून उंच. त्याच्या पायथ्याशी इराणची हद्द. इराणमध्ये तेव्हा शहाचं राज्य होतं. तबरीझ, तेहरान, मशहद अशी शहरं लागतात. मग अफगाणिस्तान. पहिलं मोठं शहर हेरात, नंतर कंदाहार, नंतर काबूल. गंमत बघा, हेरात ते कंदाहार हा रस्ता रशियाने सिमेंट काँक्रीटचा बांधून दिला होता, आणि कंदाहार ते काबूल अमेरिकेने डांबरी करून दिला होता. दोन पैलवान एका गरिबाच्या अंगणात रस्ते बांधण्याची चढाओढ करत होते. पुढे त्याच अंगणात काय झालं ते सगळ्या जगाने पाहिलं.

लंडन ते काबूल ही वाट साधारण ८ हजार किलोमीटरची. दर हद्दीवर कागदपत्रं. माणसाला पासपोर्ट आणि व्हिसा लागतो हे आपण ऐकतो, पण गाडीलासुद्धा तसाच कागद लागतो. त्याला कार्नेट म्हणतात. ही गाडी मी तुमच्या देशात विकणार नाही, जशी आणली तशी बाहेर नेईन, अशी ती हमी. नाही नेली तर जकात भरा. इराण, पाकिस्तान आणि आपल्या भारतातही परदेशी गाडी आणायची तर आजसुद्धा हा कागद लागतो.

काबूलला पोचल्यावर त्यांनी गाडी विकून टाकली. आणि पाच पौंड नफा मिळाला! पासष्टला घेतलेली जुनी गाडी, आठ हजार किलोमीटर चालवून नफ्यात विकली. आपल्या जुन्या बाजारातल्या व्यापाऱ्यालाही हा सौदा जमणार नाही.

बामियानच्या बुद्धमूर्ती

इथे जरा थांबतो, कारण अफगाणिस्तानचं नाव निघालं की आपल्या माणसाने थांबलं पाहिजे. काबूलच्या वायव्येला डोंगरात बामियानचं खोरं आहे. तिथल्या कड्यात बुद्धाच्या दोन उभ्या मूर्ती कोरलेल्या होत्या. एक ५५ मीटर उंच, दुसरी ३८ मीटर. पंचावन्न मीटर म्हणजे साधारण अठरा मजल्यांची इमारत. भोवती शेकडो गुंफा, त्यांत भिक्खू राहायचे, भिंतींवर चित्रं होती. चीनचा महान प्रवासी भिक्खू ह्युएन त्संग इसवी सन ६३० च्या सुमारास तिथून गेला आणि त्याने त्या मूर्ती पाहिल्याचं लिहून ठेवलं. तोच ह्युएन त्संग पुढे आपल्या महाराष्ट्रातही आला होता. पुलकेशीचं राज्य होतं तेव्हा. त्याने वर्णन केलेला लेण्यातला विहार म्हणजे अजिंठा, असं अभ्यासक मानतात.

म्हणजे ज्या वाटेने हे जोडपं पासष्ट पौंडाच्या गाडीतून आलं, त्याच मुलखातून भिक्खू पायी चालले. हातात भिक्षापात्र आणि पाठीवर ग्रंथ. ना कार्नेट, ना डांबरी रस्ता. धम्म आशियाभर पसरला तो चालणाऱ्या पायांवर.

१९७० च्या दशकात या रस्त्याने येणारे पुष्कळ प्रवासी काबूलहून आडवाट करून बामियान बघायला जायचे. मूर्तींच्या डोक्यापर्यंत डोंगराच्या आतून जिना होता. २००१ च्या मार्च महिन्यात तालिबानने सुरुंग लावून दोन्ही मूर्ती उडवून दिल्या. आज कड्यात त्या आकाराच्या रिकाम्या खोबणी उरल्या आहेत. जी माणसं तिथे वेळेवर गेली, ज्यांनी फोटो काढले, मापं घेतली, लिहून ठेवलं, त्यांच्यामुळेच आज ते कसं होतं हे आपल्याला कळतं. म्हणून मी म्हणतो, जा, बघा आणि लिहून ठेवा.

काबूलच्या पुढे

गाडी विकल्यावर पुढचा प्रवास मिळेल त्या वाहनाने. बस, रेल्वे, कुणाच्या गाडीत हात दाखवून. पाकिस्तान ओलांडून ती दोघं भारतात आली, मग नेपाळ. पुढे ब्रह्मदेश. तिथली जमिनीची हद्द परदेशी माणसाला बंद होती, म्हणून बँकॉकला विमानाने जावं लागलं. मग थायलंड, मलेशिया, इंडोनेशिया. बाली बेटावर एका शिडाच्या नौकेवर जागा मिळाली, ती नौका ऑस्ट्रेलियाच्या वायव्य किनाऱ्यावर एक्समाउथजवळ लागली. तिथून हात दाखवत, लोकांच्या गाड्यांतून अख्खा खंड पार करून ती दोघं सिडनीला पोचली. नाताळचा दुसरा दिवस, २६ डिसेंबर १९७२. दोघांच्या खिशात मिळून २७ सेंट उरले होते. म्हणजे आपल्या भाषेत चहापुरते चार आणे.

त्याच वर्षी आपल्याकडे

आता मघाचा फरक सांगतो. १९७२ म्हटलं की इथल्या म्हाताऱ्या माणसांना काय आठवतं? दुष्काळ. मी तेव्हा कडेवरचं पोर होतो, पण आमच्या आईने इतक्यांदा सांगितलं की मी जणू पाहिलंच आहे. विहिरी आटल्या, गुरं बाजारात मातीमोल विकली. लाल मिलो ज्वारी आली परदेशातून, ती खायची. बाया खडी फोडायला आणि पाझर तलावावर माती वाहायला गेल्या. पोरांना सुकडी मिळायची. रोजगार हमी योजना त्याच काळात सुरू झाली, पुढे १९७७ साली तिचा कायदा झाला. कित्येक कुटुंबं त्या वर्षी गाव सोडून मुंबई-पुण्याकडे चालू लागली ती परत गेलीच नाहीत. आज समोर बसलेल्यांपैकी बऱ्याच जणांचं घर त्या वाटेनेच या वस्तीत आलं.

तिकडे अफगाणिस्तानातही त्याच सुमाराला, १९७० ते ७२, पाऊस नव्हता आणि मोठा दुष्काळ होता. म्हणजे प्रवासी आनंदाने ज्या रस्त्याने जात होते त्याच रस्त्याच्या कडेला माणसं उपाशी होती.

तेव्हा प्रवास दोन तऱ्हेचे. एक आवडीने केलेला आणि एक पोटाने करायला लावलेला. टोनी-मॉरीनच्या खिशात २७ सेंट उरले खरे, पण त्यांच्यापाशी इंग्लंडचा पासपोर्ट होता, इंग्रजी भाषा होती, हातात शिक्षण होतं. उद्या सकाळी नोकरी शोधली तर मिळणार होती, आणि मिळालीही. आमच्या आई-बापांच्या खिशातही चार आणेच होते, पण त्यांच्या मागे काहीच नव्हतं. हे लक्षात न ठेवता "बघा, ते पैशाशिवाय फिरले" असं म्हणणं बरोबर नाही. त्यांच्यापाशी पैसे नव्हते, पत होती. पण यावरून "मग आपण कशाला त्या भानगडीत पडायचं" असाही अर्थ काढू नका. मी उलटंच सांगणार आहे.

स्वयंपाकघरातलं पुस्तक

सिडनीत दोघांनी नोकऱ्या धरल्या. पण जो भेटे तो विचारी, कसे आलात? किती खर्च आला? व्हिसा कुठे मिळतो? झोपायला कुठे? सांगून सांगून थकल्यावर त्यांनी ठरवलं, लिहूनच काढू. १९७३ साली शंभराच्या आत पानं असलेलं एक छोटं पुस्तक तयार झालं. नाव होतं 'अक्रॉस एशिया ऑन द चीप', म्हणजे स्वस्तात आशिया पार. स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून पानं जुळवली, हाताने कापली, हाताने पिना मारल्या. किंमत एक डॉलर ऐंशी सेंट. पंधराशे प्रती आठवडाभरात खपल्या.

आपल्या चळवळीत छोट्या पुस्तिका निघतात, वर्गणी काढून, प्रेसवाल्याची उधारी करून. त्या कशा निघतात ते आपल्याला ठाऊक आहे. त्यामुळे मला हे वाचताना परकं वाटलं नाही.

प्रकाशनाला नाव हवं होतं. टोनी एक इंग्रजी गाणं गुणगुणायचा. त्यात "सुंदर ग्रह" अशा अर्थाचे शब्द होते, ते त्याने "एकाकी ग्रह" असे ऐकले होते. मॉरीनने चूक दाखवली, पण चुकलेलं नावच आवडलं आणि तेच ठेवलं. लोन्ली प्लॅनेट. १९७५ साली आग्नेय आशियावरचं पुस्तक निघालं, ते पिवळ्या वेष्टनामुळे जगभर ओळखलं गेलं. १९८१ साली भारतावरचं जाडजूड पुस्तक निघालं आणि त्याने त्या धंद्याला खरी बरकत आणली. म्हणजे त्यांचं घर उभं राहिलं त्यात आपल्या देशाचाही वाटा आहे.

मुलं झाल्यावरही दोघांनी फिरणं थांबवलं नाही, मुलं बरोबर घेतली. लेकरांना घेऊन प्रवास कसा करावा यावर मॉरीनने पुस्तक लिहिलं. धंदा सुरू झाल्यावर संसार सांभाळून तिने विद्यापीठात शिक्षणही घेतलं. आपल्या सुनांना शिकू न देणाऱ्या सासवांनी हे ऐकावं, सासऱ्यांनी तर जास्तच.

पुढे ही कंपनी जगात मोठी झाली. २००७ साली बीबीसीने तिचा मोठा हिस्सा घेतला, २०११ ला उरलेला घेतला, मिळून सुमारे १३ कोटी पौंड मोजले. आणि २०१३ साली बीबीसीने ती विकली ५ कोटी १५ लाख पौंडाला. पाच पौंड नफ्याच्या सौद्याने सुरू झालेली गोष्ट एवढ्या मोठ्या तोट्याच्या सौद्यापर्यंत आली. तोटा दोघांना नाही झाला, विकत घेणाऱ्याला झाला.

दुसरी बाजूही पाहू

नुसतं कौतुक करून थांबलो तर मी कार्यकर्ता कसला? या वाटेने आलेले सगळे शिकायला आले नव्हते. कित्येक नशापाण्यासाठी आले. काठमांडूत फ्रीक स्ट्रीट झाली, आपल्या गोव्यात हणजुणेचा किनारा त्यांचा अड्डा झाला. जिथे पुस्तकात नाव छापून आलं तिथे गर्दी वाढली, भाव वाढले, आणि कोळ्याच्या झोपडीशेजारी हॉटेल उभं राहिलं. एखादं गाव सर्वांना सांगावं की लपवून ठेवावं, हा वाद आजही मिटलेला नाही.

आणि ती वाटही फार दिवस राहिली नाही. १९७९ साल उजाडलं. वर्षाच्या सुरुवातीला इराणमध्ये क्रांती झाली, शहा पळाला. वर्षअखेर रशियाच्या फौजा अफगाणिस्तानात शिरल्या. लंडनहून मोटारीत बसून काबूलमार्गे दिल्लीला येण्याचा जमाना तिथे संपला. त्यानंतर चाळीस वर्षांहून जास्त काळ त्या देशाने लढाईच पाहिली, आणि २०२१ च्या ऑगस्टमध्ये तालिबान पुन्हा काबूलमध्ये आले. ज्या रस्त्याने मॉरीन आपल्या नवऱ्याच्या शेजारी बसून गेली, त्या देशात त्यानंतर मुलींना सहावीच्या पुढे शाळेत जायला बंदी झाली. वाट डांबराची किंवा काँक्रीटची असते हे अर्धं खरं आहे. माणसं जाऊ देतात तोवरच ती वाट असते.

आपण काय करायचं?

आता आपल्या विहाराकडे येतो. तीन-चार वर्षांपूर्वी आमच्या ओळखीच्या पंधरा-सोळा बाया एका यात्रा कंपनीच्या बसने बोधगया, सारनाथ, कुशीनगर आणि लुंबिनी करायला गेल्या. घरकाम करून, भिशी लावून जमवलेले पैसे. त्या कंपनीच्या माणसाने दर माणशी "नेपाळचा व्हिसा" म्हणून वेगळे पैसे घेतले. बंधू-भगिनींनो, भारताच्या नागरिकाला नेपाळात जायला व्हिसा लागतच नाही! ओळखपत्र पुरतं. गाडी न्यायची तर तेवढी भन्सारची, म्हणजे नेपाळच्या जकातीची पावती फाडावी लागते. ही एक ओळ त्या बायांना माहीत असती तर त्यांचे कष्टाचे पैसे वाचले असते. त्या माणसाने चोरी केली ती पैशाची नाही, आधी माहितीच्या अंधाराचा फायदा घेतला, मग पैसे घेतले.

टोनी आणि मॉरीनने काय केलं? जी माहिती स्वतः ठेचा खाऊन मिळाली ती लपवली नाही, छापून वाटली. तेवढं काम आपल्यालाही जमण्यासारखं आहे. त्याला परदेश लागत नाही. गया स्टेशनावर उतरलं की बोधगया १५ किलोमीटरच्या आसपास आहे. वाराणसीहून सारनाथ १० किलोमीटर. गोरखपूर स्टेशनाहून कुशीनगर पन्नास-पंचावन्न किलोमीटर, आणि दुसऱ्या दिशेला सोनौलीची हद्द. हद्द ओलांडली की लुंबिनी फार दूर नाही. रेल्वेचं साधं तिकीट काढून चार माणसं मिळून हे सगळं करता येतं. पण रिक्षाला किती द्यायचं, धर्मशाळा कुठली, बायांसाठी सुरक्षित जागा कुठली, आजारी पडलं तर दवाखाना कुठे, हे जाऊन आलेल्यानेच सांगायचं.

म्हणून माझी समितीला सूचना आहे. आपल्या वस्तीतून दरवर्षी जे कुणी यात्रेला, नोकरीला, शिक्षणाला बाहेर जातात, त्यांनी परत आल्यावर एका वहीत लिहावं. काय खर्च आला, कुणी मदत केली, कुणी फसवलं, काय बघितलं. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचं शाळेतल्या पोरांनी लिहून घ्यावं. ती वही विहारात ठेवावी. पुढच्या वर्षी त्यातून एक पुस्तिका काढू. पिना मारायला मी येतो, रविवारी सुट्टीच असते.

आणि पालकांना हात जोडून सांगतो. पोरगा बाहेरगावी जायचं म्हणाला तर घाबरू नका. पोरगी म्हणाली तर अजिबात घाबरू नका. आपले आई-बाप दुष्काळाने हाकलले म्हणून गाव सोडून चालत आले. त्यांच्या नातवंडांनी स्वतःच्या मर्जीने, हातात तिकीट आणि खिशात ओळखपत्र घेऊन, चार पैसे साठवून निघावं. ज्याला जायचं तिथे जाता येतं आणि परत घरी येता येतं, तोच खरा मोकळा माणूस. एवढं एका पिढीत झालं तर या विहाराने फार मोठं काम केलं असं मी समजेन.



जयभीम! नमो बुद्धाय!